साथीच्या काळात पुढारी 'लाईव्ह', जनता मात्र वाऱ्यावर!

५ एप्रिल २०२०, रविवार. टाळेबंदीचा बारावा दिवस. त्या रात्री नऊ वाजता घरातले विजेचे दिवे मालवून नऊ मिनिटे पणत्या, मेणबत्त्या किंवा मोबाईलचे दिवे लावावेत, असे आवाहन देशाच्या पंतप्रधानांनी दोन दिवस आधी चित्रफितीतून केले होते. त्याच दिवशी आमचा आष्टी तालुका ज्या विधानसभा मतदारसंघात मोडतो त्या आर्वीत, भारतीय जनता पक्षाचे तेव्हाचे आमदार दादाराव केचे यांच्या वाढदिवशी, त्यांच्या घरापुढे धान्य मिळणार म्हणून शंभरावर माणसे जमा झाली. या कार्यक्रमाची परवानगी घेतली नव्हती, असे महसूल अधिकाऱ्यांनी सांगितले आणि आमदारांना नोटीस बजावली. आपण मोजक्याच मजुरांना धान्य देणार होतो, विरोधकांनी अफवा पसरवून गर्दी जमवली, असे आमदारांचे म्हणणे पडले. तोवर गर्दीची छायाचित्रे देशभरातल्या मोबाईलवर फिरली होती.

खरे कोणाचे, खोटे कोणाचे, हा वाद आज उकरून काढण्यात आम्हाला रस नाही. आमचा प्रश्न वेगळा आहे. त्या दारापुढे कोण उभे होते? ज्यांच्या घरात धान्य नव्हते ते उभे होते. केंद्र सरकारने २६ मार्च २०२० रोजी माणशी पाच किलो मोफत धान्याची योजना जाहीर केली होती. पण जाहीर झालेले धान्य आणि डब्यात पडलेले धान्य यांतले अंतर गरिबालाच ठाऊक असते. हक्काचे धान्य नेमके कोणत्या तारखेला, कोणत्या दुकानात, किती मिळेल हे त्या माणसांना कोणीतरी अधिकृतपणे, लेखी, गावाच्या फलकावर सांगितले असते, तर कानोकानी आलेल्या एका बातमीवर शंभर माणसे धावली असती काय? जिथे सरकारची माहिती पोहोचत नाही तिथे अफवा पोहोचते. वर्धा जिल्ह्यात तेव्हा कोरोनाचा एकही रुग्ण नोंदलेला नव्हता. पहिला रुग्ण मे महिन्यात सापडला. रोग यायच्या आधी भूक आली होती आणि भुकेच्याही आधी पुढाऱ्यांचे संदेश आले होते!

कोरोनाची साथ आता इतिहासजमा झाली आहे. परंतु त्या काळात आपल्या पुढाऱ्यांनी समाजमाध्यमांचा जो वापर केला, त्याचा हिशेब अजून कोणी मांडलेला नाही. पुढची साथ येणार नाही अशी हमी कोणी देऊ शकत नाही. म्हणून हा हिशेब आंबेडकरी जनतेने तरी मांडून ठेवला पाहिजे, असे आम्हाला वाटते.

बोलणारे एक, ऐकणारे कोट्यवधी

जागतिक आरोग्य संघटनेने ३० जानेवारी २०२० रोजी आंतरराष्ट्रीय आरोग्य आणीबाणी जाहीर केली. भारतातला पहिला रुग्णही त्याच दिवशी केरळात सापडला. आणि दुसऱ्याच दिवशी, ३१ जानेवारीला, बाबासाहेबांच्या 'मूकनायक'ला शंभर वर्षे पूर्ण झाली. मुक्यांना वाचा देण्यासाठी निघालेल्या पत्राची शताब्दी आणि कोट्यवधींना केवळ श्रोते करून टाकणाऱ्या काळाची सुरुवात एकमेकांना लागून यावी, हा योगायोग विचार करायला लावणारा आहे.

२४ मार्च २०२० रोजी रात्री आठ वाजता पंतप्रधानांनी भाषण केले आणि त्याच मध्यरात्रीपासून एकवीस दिवस देश बंद झाला. चार तासांची सूचना! भाषण संपते न संपते तोच शहरोशहरी किराणा दुकानांपुढे झुंबड उडाली आणि मग जीवनावश्यक वस्तू मिळत राहतील, घाबरू नका, असे पंतप्रधानांना ट्विटरवरून सांगावे लागले. ही गोष्ट आधी सांगायची की नंतर? आमच्या तळेगावजवळून जाणाऱ्या नागपूर–अमरावती महामार्गाने पुढचे दोन महिने डोक्यावर गाठोडी घेऊन चालणारी माणसे पाहिली. त्यांच्यासाठी त्या भाषणात एकही पत्ता, एकही दूरध्वनी क्रमांक, एकही मुक्कामाचे ठिकाण नव्हते.

आपल्या राज्यात उद्धव ठाकरे हे तेव्हा मुख्यमंत्री होते. त्यांनी फेसबुक लाईव्हचा मार्ग धरला. न्यायाने बोलायचे तर त्यांच्या बोलण्यात आरडाओरड नव्हती, थाळ्या वाजवण्याचा सोहळा नव्हता. घरातल्या वडीलधाऱ्या माणसाने समजावावे तशी साधी मराठी होती. भेदरलेल्या लोकांना त्याने धीर आला, हे त्यांचे विरोधकही खासगीत मान्य करतील. न्यूझीलंडच्या तेव्हाच्या पंतप्रधान जसिंडा आर्डर्न यांनीही मार्च २०२० मध्ये लेकीला झोपवून घरच्याच कपड्यांत फेसबुकवरून लोकांशी संवाद साधला होता. फरक एवढाच की त्यांनी लोकांचे प्रश्न घेतले आणि त्यांना उत्तरे दिली. आपल्याकडचे 'लाईव्ह' हे बव्हंशी एकमार्गी राहिले. पत्रकार परिषदेत उलटा प्रश्न येतो, विधिमंडळात हरकत येते. मोबाईलच्या पडद्यावर फक्त अंगठे आणि बदाम येतात. पुढे २९ जून २०२२ रोजी याच मुख्यमंत्र्यांनी राजीनाम्याची घोषणाही फेसबुक लाईव्हवरूनच केली. सभागृहाची जागा पडद्याने घेतली, ती अशी!

सप्टेंबर २०२० मध्ये राज्यात 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' ही मोहीम निघाली. घोषवाक्य आकर्षक होते, तपासणीचा हेतूही चांगला होता. परंतु कायद्याचे विद्यार्थी म्हणून आम्हाला तेव्हाही विचारावेसे वाटले, की कुटुंब माझे आणि जबाबदारीही माझी, तर मग शासनाची काय? संविधानाच्या अनुच्छेद ४७ ने सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे राज्याचे प्राथमिक कर्तव्य ठरवले आहे. पश्चिम बंग खेत मजदूर समिती खटल्यात १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले आहे, की तातडीचे उपचार शासकीय रुग्णालयात न मिळणे हा अनुच्छेद २१ मधील जगण्याच्या हक्काचा भंग आहे. दहा बाय दहाच्या खोलीत सहा माणसे राहतात. त्यांना अंतर ठेवा म्हणून सांगणे सोपे असते. त्यांना राहायला दुसरी खोली देणे अवघड असते. मोबाईलवर सोपी गोष्ट गाजली, अवघड गोष्ट मागे राहिली.

ही मोहीम घरोघरी पोहोचवली कोणी? राज्यातल्या सुमारे ७० हजार आशा सेविकांनी. पुढाऱ्याचा संदेश पडद्यावर चमकला. त्याचे ओझे खांद्यावर घेऊन उन्हातान्हात फिरली ती आशा ताई. तिचे कौतुक करणाऱ्या चित्रफिती पुष्कळ निघाल्या, पण मानधन वाढवून घेण्यासाठी तिला जून २०२१ मध्ये संपावर जावे लागले. तेव्हा कुठे दरमहा हजार रुपये वाढ आणि पाचशे रुपये कोविड भत्ता पदरात पडला. कौतुकाने चूल पेटत नाही, हे शासनाला संपाने शिकवले.

आपल्या घरचेही तपासू

दुसऱ्यांकडे बोट दाखवताना आपले आंगणही झाडले पाहिजे. केंद्रीय सामाजिक न्याय राज्यमंत्री रामदास आठवले यांनी २० फेब्रुवारी २०२० रोजी गेटवे ऑफ इंडियाजवळ चीनच्या वाणिज्य दूतांना आणि बौद्ध भिक्खूंना सोबत घेऊन 'गो कोरोना, गो कोरोना' असा घोष केला. मार्च महिन्यात ती चित्रफीत जगभर फिरली, लोक हसले. स्वतः आठवले यांना त्याच वर्षी ऑक्टोबरात कोरोना झाला आणि रुग्णालयात जावे लागले. माणूस म्हणून त्यांचे बरे होणे आनंदाचेच होते. पण चळवळीचा पुढारी म्हणून विचारावे लागेल. चीवरधारी भिक्खूंना शेजारी उभे करून रोगाला 'जा' म्हणणे, हे बुद्धाच्या कार्यकारणभावाशी कुठे जुळते? ज्या धम्मात कारण शोधल्याशिवाय दुःखाचा उपाय सांगितला जात नाही, त्या धम्माच्या नावाने घोषणा देऊन विषाणू पळवणे म्हणजे मंत्र-तंत्रालाच निळा रंग देणे होय!

अॅड. प्रकाश आंबेडकर यांनी ३१ ऑगस्ट २०२० रोजी पंढरपुरात मंदिर उघडण्यासाठी आंदोलन केले, वारकरी आणि कार्यकर्ते मोठ्या संख्येने जमले, गुन्हाही नोंदला गेला. वारकऱ्यांच्या भावनेचा प्रश्न आणि लोकांच्या पोटापाण्याचा प्रश्न त्यांनी उचलला, हे खरे. पण साथीच्या ऐन भरात गर्दी जमवण्याचे समर्थन आम्ही इतर कोणाला नाकारत असू, तर आपल्याही नेत्याला तोच नियम लावला पाहिजे.

याउलट आंबेडकरी जनतेने काय केले ते पाहा. १४ एप्रिल २०२० ची जयंती लोकांनी घराघरात केली. त्या वर्षी दीक्षाभूमीवरचा धम्मचक्र प्रवर्तन दिनाचा सोहळा रद्द झाला, तो लोकांनी मुकाट्याने स्वीकारला. ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर येऊ नका, घरूनच थेट प्रक्षेपण पाहा, असे सांगितले गेले आणि लाखो अनुयायांनी घरूनच अभिवादन केले. ज्या समाजाला वर्षातून एकदा समुद्राकाठी गेल्याशिवाय चैन पडत नाही, त्याने हे केले. पुढाऱ्यांपेक्षा जनता शहाणी निघाली, याचा याहून मोठा पुरावा कोणता?

इंजेक्शनची चित्रफीत

एप्रिल २०२१ च्या दुसऱ्या लाटेत तर या तमाशाने कळस गाठला. १७ एप्रिलला सकाळी पंतप्रधानांनी कुंभमेळा प्रतीकात्मक ठेवावा अशी विनंती ट्विटरवरून केली आणि त्याच दिवशी बंगालमधील आसनसोलच्या सभेत जमलेली गर्दी पाहून आनंद व्यक्त केला. एकाच दिवशी दोन संदेश! जनतेने यातला कोणता पाळायचा?

आपल्याकडे रेमडेसिविरचा धुमाकूळ चालला होता. वस्तुतः नोव्हेंबर २०२० मध्येच जागतिक आरोग्य संघटनेने सांगितले होते, की या औषधाने मृत्यू टळतात असा पुरावा हाती नाही, म्हणून दाखल रुग्णांना ते देण्याची शिफारस करता येत नाही. हे कोणत्या पुढाऱ्याने आपल्या पानावर मराठीत लिहिले? कोणीच नाही. उलट अहमदनगरचे तेव्हाचे खासदार डॉ. सुजय विखे यांची, दिल्लीहून खास विमानाने शिर्डीला इंजेक्शनची खोकी आणल्याची चित्रफीत समाजमाध्यमांवर झळकली. ते स्वतः डॉक्टर आहेत, हे विशेष! हे प्रकरण उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठापर्यंत गेले. टंचाईच्या काळात औषधाचे वाटप जिल्हाधिकाऱ्याच्या यादीने व्हायचे की खासदाराच्या विमानाने, हाच त्यातला मूळ प्रश्न होता. त्या दिवसांत एका कुपीसाठी बायकांनी अंगावरचे डोरले गहाण टाकले. पडद्यावर खोकी दिसली की प्रत्येक घराला वाटायचे, आपल्या माणसाला ते मिळाले नाही म्हणूनच तो गेला. ही जी टोचणी त्या घरांना आयुष्यभरासाठी लागली, तिची भरपाई कोण करणार?

आमच्या वर्ध्यात जेनेटिक लाईफ सायन्सेस या कंपनीत मे २०२१ मध्ये या इंजेक्शनचे उत्पादन सुरू झाले. त्यासाठी नितीन गडकरी यांनी खटपट केली, परवानग्या मिळवून दिल्या. औषधाचा उपयोग किती हा प्रश्न बाजूला ठेवला, तरी कारखाना उभा करणे हे खोकी मिरवण्यापेक्षा निश्चितच बरे काम होते, हे आम्ही मोकळेपणाने म्हणू. परंतु हेच गडकरी फेब्रुवारी २०२१ मध्ये पतंजलीच्या 'कोरोनिल'च्या कार्यक्रमात केंद्रीय आरोग्यमंत्र्यांसह व्यासपीठावर होते. आपण अशा कोणत्याही पारंपरिक औषधाला प्रमाणित केलेले नाही, असा खुलासा त्यानंतर जागतिक आरोग्य संघटनेला करावा लागला. राज्याचे तेव्हाचे गृहमंत्री अनिल देशमुख यांनी प्रमाणपत्राशिवाय कोरोनिल महाराष्ट्रात विकू देणार नाही, असे ट्विटरवरून जाहीर केले. समाजमाध्यमाचा असाही उपयोग होऊ शकतो. खोट्याला वेळीच अडवणारा एक ओळीचा संदेश शंभर चित्रफितींपेक्षा मोलाचा असतो.

गुन्हा कोणावर, नोटीस कोणाला?

१४ एप्रिल २०२० रोजी टाळेबंदी वाढल्यावर वांद्रे स्थानकाबाहेर हजारो परप्रांतीय मजूर जमले. समाजमाध्यमावर आवाहन केल्याच्या आरोपाखाली एका कार्यकर्त्याला अटक झाली, रेल्वे सुरू होणार अशा बातमीवरून एका पत्रकाराला अटक झाली. आर्वीत नोटीस आणि वांद्र्यात बेड्या! साथरोग कायदा १८९७ चा, आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ चा आणि भारतीय दंड संहितेचे तेव्हाचे कलम १८८ ही हत्यारे सर्वांसाठी सारखीच होती. पण हत्यार कोणावर चालवायचे हे शेवटी हात ठरवतो. राज्यात कलम १८८ खाली लाखांनी गुन्हे नोंदले गेले. त्यांचे आकडे गृहखाते रोज अभिमानाने प्रसिद्ध करीत होते. त्यात भाजी आणायला निघालेले होते, मजुरी शोधायला निघालेले होते. ते कागद घेऊन माणसे तालुक्याच्या न्यायालयात खेटे घालत राहिली आणि शेवटी २०२२ मध्ये शासनालाच हे गुन्हे मागे घेण्याचा निर्णय घ्यावा लागला.

मुसलमान समाजाच्या वाट्याला तर याहून वाईट आले. तबलीगच्या निमित्ताने मोबाईलवर जो विखार ओतला गेला, त्यात जबाबदार पदांवरची माणसेही होती. औरंगाबाद खंडपीठाने २१ ऑगस्ट २०२० रोजी परदेशी तबलीगींवरचे गुन्हे रद्द करताना त्यांना बळीचा बकरा केले गेल्याचे स्पष्ट म्हटले. किती पुढाऱ्यांनी आपले जुने संदेश पुसले? किती जणांनी माफी मागितली? साथ आली की दोष द्यायला कोणीतरी हवे असते आणि तो दोष नेहमी खालच्या पायरीवर नेऊन ठेवला जातो, हे आपल्यापेक्षा अधिक कोणाला कळणार?

आणि सामान्य माणूस मोबाईलवर प्राणवायूची टाकी मागू लागला तेव्हा? तेव्हा अफवेच्या नावाखाली त्यालाच धमकावले गेले. अखेर ३० एप्रिल २०२१ रोजी न्या. धनंजय चंद्रचूड, न्या. नागेश्वर राव आणि न्या. रवींद्र भट यांच्या पीठाला सांगावे लागले, की समाजमाध्यमावर मदत मागणाऱ्या नागरिकाची मुस्कटदाबी केल्यास तो न्यायालयाचा अवमान समजला जाईल. हा निर्णय प्रत्येक कार्यकर्त्याने पाठ करून ठेवावा.

फलकावर लिहा!

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) महाराष्ट्रात इंटरनेट कधीतरी वापरलेल्या स्त्रियांचे प्रमाण ३८ टक्के आणि पुरुषांचे ६१.५ टक्के होते. म्हणजे मुख्यमंत्री 'लाईव्ह' असताना राज्यातल्या बहुसंख्य स्त्रियांच्या हाती तो पडदाच नव्हता. तरीही १ मे २०२१ पासून १८ ते ४४ वयाच्या लोकांना लस हवी असेल तर इंटरनेटवरच नोंदणी करा, असा नियम आला. परिणाम काय झाला? शहरातले लोक गाड्या काढून खेड्यातल्या केंद्रांवर आले, लस टोचून गेले आणि गावातला संत्र्याच्या बागेतला मजूर कुंपणाबाहेर उभा राहून पाहत राहिला. त्या महिन्याच्या अखेरीस सर्वोच्च न्यायालयाने या धोरणावर ताशेरे ओढले.

यावर उपाय नवा शोधायचा नाही, तो कायद्यात लिहिलेला आहे. माहिती अधिकार कायदा २००५, कलम ४(४). माहितीचा प्रसार करताना स्थानिक भाषा, खर्च आणि त्या भागात सर्वांत परिणामकारक ठरणारे माध्यम विचारात घ्यावे, असे हे कलम सांगते. प्रसाराच्या साधनांत सूचना फलक, वर्तमानपत्रे आणि जाहीर घोषणा यांची नावे इंटरनेटच्या जोडीने स्पष्ट दिलेली आहेत. तेव्हा आमच्या मागण्या साध्या आहेत. साथीच्या काळात मंत्र्याने मोबाईलवर जे सांगितले त्याचा लेखी आदेश त्याच दिवशी ग्रामपंचायतीच्या फलकावर लागला पाहिजे. दवंडी तांड्यात आणि बौद्धवाड्यातही गेली पाहिजे. मदतीच्या वाटपाची यादी प्रसिद्ध झाली पाहिजे, त्यावर कोणाचेही छायाचित्र नको. आणि पदावर असताना टाकलेला प्रत्येक संदेश हा शासकीय दस्तऐवज समजून जपला गेला पाहिजे, म्हणजे उद्या कोणाला तो गुपचूप पुसता येणार नाही.

१८९७ च्या प्लेगमध्येही सरकार होते, वर्तमानपत्रे होती, भाषणे होती. त्या साथीत मुंढव्याच्या महारवाड्यातल्या एका आजारी मुलाला सावित्रीबाई फुले यांनी स्वतः उचलून मुलगा डॉ. यशवंत यांच्या दवाखान्यात आणले. मुलगा वाचला, सावित्रीबाई १० मार्च १८९७ रोजी गेल्या. नेतृत्व म्हणजे काय, हे मोजायला आमच्याकडे हे माप आहे. पुढाऱ्यांनी आम्हाला वाढदिवसाचे धान्य देऊ नये, आमच्या हक्काचे द्यावे. १७ सप्टेंबर २०२१ रोजी पंतप्रधानांच्या वाढदिवशी देशात अडीच कोटींवर लसी टोचल्या गेल्या. एका दिवसात ते शक्य होते, तर बाकीच्या दिवसांत का नव्हते, हे विचारण्याचा अधिकार प्रत्येक नागरिकाला आहे.

बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत इशारा दिला होता, की धर्मात भक्ती आत्म्याला मुक्ती देत असेल, पण राजकारणातली भक्ती अधःपतनाकडे आणि हुकूमशाहीकडे नेते. आज ती भक्ती अंगठ्याच्या एका दाबाने होते. आर्वीच्या दारातल्या गर्दीचे पुढाऱ्याला राजकारणात काहीही मोल द्यावे लागले नाही. मार्च २०२५ मध्ये श्री. केचे विधान परिषदेवर बिनविरोध निवडून गेले. मोल देतात ते रांगेत उभे राहणारे.

म्हणून आष्टी तालुक्यातल्या आणि विदर्भातल्या आमच्या तरुणांना एवढेच सांगणे आहे. पुढाऱ्याचा संदेश पुढे ढकलण्याआधी त्याला विचारा : आदेशाचा क्रमांक काय, तारीख काय, माझ्या गावच्या दवाखान्यात खाटा किती, औषध किती, डॉक्टर कधी येणार? उत्तर आले तर ते फलकावर लिहा. नाही आले तर माहिती अधिकाराचा अर्ज लिहा. दहा रुपयांच्या त्या अर्जाला तीस दिवसांत उत्तर देणे कायद्याने बंधनकारक आहे. फेसबुकवरच्या भाषणाला तसे कोणतेही बंधन नाही.